वणीपर्यंत आणलेला

मंगळू भोये मेलेल्या माणसांसाठी गायचा. बोरगावच्या आसपासच्या पाड्यांवर कुणी गेलं, की दिवसकार्याला त्याला बोलावणं यायचं. अंगणात घोंगडी टाकून तो बसायचा आणि समोर काशाची थाळी ठेवायचा. थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा, आणि त्या मेणात रोवलेली बोरूची उभी काडी. राख लावलेली बोटं काडीवरून वरून खाली ओढली, की थाळी घुमायला लागायची. लाकूड कोरणाऱ्या भुंग्यासारखा तो आवाज, पण खोल, छातीत उतरणारा. त्या आवाजावर तो मेलेल्याचं नाव घ्यायचा आणि त्याला वाटेला लावून द्यायचा.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जुना कथेकरी पोरासोरांना जवळ बसू देत नसे, म्हणून लहानपणी मंगळू कुडामागे बसून ऐकायचा आणि गुरं राखताना पत्र्याच्या ताटलीवर काडी उभी करून तो आवाज शोधायचा. तो म्हातारा मेला, तेव्हा त्याच्यासाठी गायला कुणीच उरलं नव्हतं. मंगळू पुढे झाला आणि पहाटेपर्यंत गायला. तेव्हापासून हे काम त्याच्याकडे आलं.

आश्रमशाळेतले रवी पगारे सर हे सगळं जाणून होते. सर मूळचे नाशिकचे, तिथल्या वसाहतीत वाढलेले, पण डोंगरात नोकरीला आल्यापासून पाड्यापाड्यांवर फिरायचे. नव्व्याण्णव सालच्या थंडीत ते मंगळूच्या अंगणात येऊन बसले.

"मंगळूबाबा, नाशिकला लोककलेचा मोठा महोत्सव आहे. सोंगं नाचवणारे येणार, तारपावाले येणार. तुमची थाळी लोकांनी ऐकलीच नाही अजून. चला."

मंगळूने विचारलं, "कोण मेलंय, सर?"

सर हसले. मंगळू हसला नाही.

"कोणी मेलं नसंल तर ती कथा काढायची नाय. काढली तर ती माणूस मागती."

"मग दुसरी सांगा. कणसरीची सांगा. धान्याची देवी, चांगलं काम."

कणसरीची कथा खळ्यावर सांगायची असते, तिला मरण लागत नाही. मंगळूने बराच वेळ विचार केला आणि होकार दिला. त्याची बायको चिमणाबाई चुलीपासून म्हणाली, "जा. नाशकात लखनचं कोणी भेटंल. विचारून ये."

लखन त्यांचा एकुलता मुलगा. मागल्या सालच्या दिवाळीनंतर मुकादम निवृत्तीच्या जीपमधून तो कामाला गेला होता. दरसाल शिमग्याला यायचा, या साली आला नाही. भातलावणी झाली, भात कापून झालं, तरी आला नाही. निवृत्ती वणीकडचा. हिवाळ्यात पाड्यावरची पोरं जीपमध्ये भरून न्यायची आणि पावसाआधी आणून सोडायची, हा त्याचा धंदा. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "लखन सुरतेला गेला. तिकडं लय बरं हाय त्याचं." चिमणाबाईला एवढं पुरायचं. लखनची बायको आशा हिला पुरत नव्हतं. निवृत्तीची जीप आधी त्यांच्या अंगणाजवळ थांबायची, निवृत्ती उतरून पाणी मागायचा. आता ती ओहोळाच्या पलीकडे थांबायची, आणि पोरांनाच चालत तिथवर जावं लागायचं. आशाने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. पण जीपचा आवाज आला, की हातातलं काम टाकून ती ओहोळाकडे बघत राहायची.

शेळ्या आणि कोंबड्या बघायला चिमणाबाई मागे राहिली. थाळी सांभाळायला आणि भाकरी करायला आशा सासऱ्याबरोबर निघाली.

नाशिकमध्ये एका मैदानावर मंडप घातला होता. मागच्या बाजूला तंबू होते आणि त्यांत कलाकार उतरले होते. पेठकडची माणसं कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे उन्हात वाळत ठेवून बसली होती. एक बाई शेणाने सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढत होती, आणि शहरातल्या बायका तिच्यावर वाकून विचारत होत्या, कुठे शिकलात? ती म्हणायची, "भिंतीवर." मंगळूला हे सगळं आवडलं. तो सोंगांजवळ जाऊन उभा राहिला, एका राक्षसाच्या नाकाला हात लावून हसला. आशाने त्याला किती तरी दिवसांनी हसताना पाहिलं.

दुपारी ती नळावरून पाणी घेऊन आली, तेव्हा तंबूमागे मंगळूसमोर एक तरुण उभा होता. तिने त्याला ओळखलं. तो शेजारच्या पाड्यावरचा मनोज, लखनबरोबर त्याच जीपमधून गेलेला आणि तेव्हापासून पाड्यावर न दिसलेला. मनोज खाली बघून बोलत होता आणि मधूनच बाहीने तोंड पुसत होता. आशा दिसताच तो गर्दीत शिरला.

"मामा, काय म्हणत होता मनोज? ह्यांचं काय कळलं?"

"काय नाय," मंगळू म्हणाला. "तारप्याचा आवाज ऐकून आला होता."

त्याने तिच्या हातातली घागर घेतली आणि पाणी न पिताच खाली ठेवली. संध्याकाळी त्याने भाकरीला हात लावला नाही. पोट दुखतंय म्हणाला.

सकाळी आशा चूल पेटवत होती, तेव्हा तो बाहेरून आला. त्याची मिशी गेली होती. ओठावरची कातडी पांढरी, ओली दिसत होती, आणि तो एकदम परका म्हातारा वाटत होता.

"मामा, मिशी?"

"स्टेजवर जायाचं ना आज."

त्यांच्यात घरातलं माणूस गेलं तरच पुरुष मिशी उतरवतो. आशाला हे माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे मंगळूलाही माहीत होतं. तरी ती स्वतःला सांगत राहिली, की शहर आहे, दिवे आहेत, कुणी तरी सांगितलं असेल. चुलीत लाकडं सारताना तिची बोटं भाजली, ते तिला नंतर कळलं.

त्यांची वेळ दिवेलागणीला आली. पगारे सरांनी माइकवर सांगितलं, आता सुरगाण्याच्या डोंगरातले मंगळू भोये कणसरीची कथा सादर करतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगळू घोंगडीवर बसला. त्याच्या मागे राखेची वाटी घेऊन आशा बसली.

थाळी घुमली. माइकमुळे तो आवाज एवढा मोठा झाला, की पुढे बसलेलं एक लहान मूल आईच्या कुशीत शिरलं. मंगळूने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली:

"ऊठ रं बाळा, ऊठ रं,
अंगावरची राख झाड रं,
अंबडच्या फाट्यावर रात सरली,
ऊठ, घरला जायाचं रं."

कणसरीच्या कथेत नाशिकचं कारखान्यांचं अंबड नाही. आशाने राखेची वाटी घट्ट धरली. पुढच्या ओळीत नाव आलं. लखन, मंगळूचा लखन, चिमणीचा लखन.

ही कथा तिने कितीतरी अंगणांत ऐकली होती. ज्याला घराबाहेर मरण येतं, त्याला कथेकरी मेल्या जागेवरून उठवतो आणि गावामागून गाव सांगत घरी आणतो. नाव एकदा घेतलं की मधे थांबायचं नाही. गाणं जिथे तुटेल तिथेच मेलेला उभा राहतो, त्याला ना पुढची वाट दिसते ना मागची. म्हणून ती हलली नाही. मंगळूची बोटं मागे आली, की ती वाटी पुढे करत होती. एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

मंगळूने लखनला नाशिकच्या पुलावरून आणलं. म्हसरूळ मागे टाकलं. लोक मान डोलवत होते. कुणी ठेका धरला होता. पगारे सर मात्र विंगेत ताठ उभे राहिले होते. डोंगरात काढलेल्या वर्षांत त्यांनी ही चाल ऐकली होती. त्यांचा चेहरा उतरला.

दिंडोरी आली. तेवढ्यात मंडपाच्या दाराशी गडबड झाली. पाहुणे आले होते, त्यांचा सत्कार व्हायचा होता. संयोजकांपैकी एक गृहस्थ विंगेत येऊन सरांना म्हणाले, "आवरतं घ्या म्हणावं."

"थांबवता येणार नाही त्यांना," सर म्हणाले.

"म्हणजे काय?"

"अहो, ते मयताचं गातायत. थोडा वेळ द्या. हात जोडतो."

"पगारे, मयताचं? पाहुण्यांसमोर?"

घंटी वाजली. मंगळू गात राहिला. माइक बंद झाला. मंगळू गात राहिला. त्याचा आवाज आता फक्त स्टेजपुरता उरला, आणि समोरचे लोक कार्यक्रम संपला असं समजून टाळ्या वाजवू लागले. पडदा पडला. पलीकडून पुढच्या पथकाचे ढोल सुरू झाले. सतरंजी उचलायला आलेल्या स्वयंसेवकाने घाईत थाळी उचलली. काडी मेणातून निघाली आणि मोडली.

मंगळूचं तोंड उघडंच राहिलं. बोटं हवेत काडी शोधत होती.

"मामा," आशा म्हणाली. "कुठवर आणलं होतं?"

तो बोलला तेव्हा त्याचा आवाज घोगरा झाला होता. "वणी. वणीच्या वेशीवर हाय तो."

ती उठली, थाळी मागून घेतली, पदरात बांधली आणि स्टेजवरून खाली उतरली. मग ती मनोजला शोधायला निघाली.

तो मंडपाच्या टोकाला, भेळेच्या गाडीमागे उभा होता. या वेळी पळाला नाही. पगारे सरही तिथे पोचले. मनोज बोलू लागला तेव्हा सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वयनी, सुरत नाय, काय नाय. आम्ही अंबडलाच होतो. पत्र्याच्या शेडात ओतकाम चालायचं. वितळलेल्या लोखंडाची बादली कलंडली. लखनदादा खालीच होता. टेम्पोत टाकून त्याला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी ठेकेदाराच्या खोलीवर नेला. निवृत्ती म्हणाला, डॉक्टर इथंच येतोय. कोणी आलं नाय."

"मग?"

"रातभर होता तो. पाणी मागत होता. आईला हाका मारत होता. मी होतो जवळ." मनोजने बाहीने तोंड पुसलं. "उजाडायला गेला. नदीवर नेऊन जाळला. निवृत्तीनं मला सांगितलं, कुठं बोललास तर बादली तूच सोडली असं पोलिसांना सांगीन."

आशाने विचारलं, "मामांना हे सगळं सांगितलंस?"

"रातभर होता ते सांगितलं. हाका मारत होता, ते नाय सांगितलं."

सर म्हणाले, "आशाताई, उद्या सकाळी पोलिसांत जाऊ. मनोज सांगेल, मी आहे बरोबर."

"तुम्ही जा, सर. मनोजला घेऊन जा." तिने पदराची गाठ घट्ट केली. "आम्हाला वणीला जायाचं हाय. तो तिथं उभा हाय."

पहिल्या एसटीने ती दोघं निघाली. म्हसरूळ गेलं, दिंडोरी गेली, द्राक्षाच्या बागांवर धुकं होतं. वणीच्या अलीकडे त्याने कंडक्टरला हात केला. तिथे रस्त्याकडेच्या कुंपणातून आशाने बोरूची काडी तोडली. मंगळूने मेण हातात चोळून मऊ केलं, थाळी मातीवर ठेवली आणि काडी रोवली. शाळेला चाललेली मुलं उभी राहून बघू लागली. थाळी घुमली.

"उभा नको राहू रं, वाट मोडली नाय,
तुझा बा आला, तुझी अस्तुरी आली,
चल रं, डोंगर दिसाया लागला."

मग तो उठला आणि चालत गाऊ लागला. थाळी आशाने डोक्यावर घेतली. प्रत्येक गावाच्या वेशीवर तो बसायचा, थाळी घुमवायचा, गावाचं नाव घ्यायचा आणि पुन्हा चालू लागायचा. वणीत लोकांनी नुसतं वळून पाहिलं. पांडाणे मागे पडलं, तशी ही चाल ओळखणारी वस्ती लागली. बाया पोरांना आत ओढून घेत होत्या. शेतातली माणसं काम थांबवून रस्त्याकडे पाठ करून उभी राहत होती, कारण जो चाललाय त्याच्याकडे बघायचं नसतं. कुणी विचारलं नाही, कोण गेलं. आशाने मागे वळून पाहिलं नाही. पण ऊन चढलं तरी तिच्या पाठीला गार लागत होतं, आणि आपल्या पावलांबरोबर तिसरी पावलं वाजतायत असं तिला वाटत होतं. ती भ्यायली होती. पाऊल हळू पडलं तर मागचा अंगावर येईल, आणि झपझप चाललं तर तो मागे राहील, या धास्तीने ती एकाच चालीने चालत होती.

घाटाच्या पायथ्याशी समोरून जीप आली. जीप निवृत्तीची होती आणि आतबाहेर पोरं भरलेली होती. त्याने ओळखून ब्रेक मारला, मान बाहेर काढली.

"मंगळूदादा? हे काय चालवलंय भर रस्त्यात?"

मंगळूला थांबता येत नव्हतं. तो निवृत्तीच्या खिडकीजवळून, त्याच्याकडे न बघता, गात पुढे गेला. आशा थांबली.

"लखन सुरतेला हाय ना?" तिने विचारलं.

"हाय की."

"मग हा कोणाला घेऊन चाललाय, ऐक."

निवृत्तीने ऐकलं. पुढे गेलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून लखनचं नाव स्पष्ट येत होतं. जीपमधल्या पोरांनीही ऐकलं.

"म्हातारं येडं झालंय," निवृत्ती म्हणाला. आवाज त्याने हळू केला. "आशाबाई, तू एकटी बाई हायेस. आता घरात कोण हाय तुला? जपून बोल."

"भट्टीजवळ कोण होतं, ते मनोज आज पोलिसांना सांगतोय," ती म्हणाली. तिने डोक्यावरची थाळी दोन्ही हातांनी धरली. "दवाखान्यात का नाय नेला, ते तू सांग."

त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. मागून एक पोरगा उडी मारून उतरला, मग आणखी एक. दोघं रस्त्यावर आपली गाठोडी धरून उभे राहिले. बाकीचे बसूनच राहिले. एकाने आशाकडे बघून नजर खाली घातली. घरी धान्य संपलं असणार, तिला कळलं. जीप नाशिकच्या दिशेने निघून गेली.

घाट चढताना मंगळूचा आवाज बसला. नुसतं कुजबुजल्यासारखं गाणं उरलं. तो दर वळणाला धाप लागून थांबायचा, पण ओठ हलत राहायचे. उतरलेले दोघे काही अंतर ठेवून मागून येत होते. बोरगावच्या अलीकडे रस्ता सोडून ते पायवाटेला लागले, ओहोळ ओलांडला, आणि पाडा दिसला.

चिमणाबाई अंगणात नागली पाखडत होती. वाऱ्यावर ती चाल तिच्यापर्यंत आली, तेव्हा सूप तिच्या हातात तसंच राहिलं. वाटेवर नवरा दिसला. सून दिसली. दोघंही चालत येत होती. मग घरातलं आणखी कोण उरलं, हे कुणी तिला सांगायची गरज नव्हती. नवऱ्याच्या ओठावर मिशी नव्हती.

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मंगळू दारासमोर बसला. थाळी मांडली. मेलेल्याला घरापर्यंत आणता येतं, पण आत बोलवायचं काम घरातल्या माणसाचं. घरातून "ये" आल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. त्याने काडीवरून बोटं ओढली. थाळी घुमली. आतून काही आलं नाही.

"चिमणे," तो म्हणाला, "तो दारात हाय."

"माझा लखन सुरतेला हाय," आतून आवाज आला. "तुम्ही दुसऱ्याचं कोणाचं आणलंय. घेऊन जा."

शेजारपाजारची माणसं अंगणाबाहेर जमली होती. कुणी पुढे येत नव्हतं. सूर्य डोंगरामागे टेकला होता. मंगळूची बोटं सोलून निघाली होती, थाळीतली राख लालसर झाली होती, तरी तो थांबत नव्हता. आशा उठली आणि दाराला कपाळ लावून उभी राहिली.

"आत्या, मनोज होता त्यांच्याजवळ. त्यानं पाहिलं."

मग कडी वाजली. चिमणाबाई दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं नाही. तिची नजर त्यांच्या मागच्या रिकाम्या वाटेवर होती. पाड्यावरची सगळी माणसं एकदम पाठ करून उभी राहिली.

"ये रं," ती म्हणाली. "दमला असशील. ये."

मंगळूने थाळीवर तळहात ठेवला. आवाज थांबला.

बायांनी पाणी आणलं, कुणी भात शिजवायला घेतला. चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. आशा तिच्याजवळ गेली, तेव्हा तिने सुनेचा हात धरला आणि हळूच विचारलं, "त्याला लागलं होतं का गं लय? हाक मारली का कोणाला?"

आशाने सासऱ्याकडे पाहिलं. तो ऐकत होता.

"नाय आत्या," ती म्हणाली. "कळलंबी नाय त्यांना. एका झटक्यात गेले."

मंगळूने मान खाली घातली. थोड्या वेळाने तो उठला आणि बाहेर अंधारात जाऊन उभा राहिला.